फॅनच्या वाऱ्यावरची कण्णी

मागे घरोघरची माहिती लिहून घेणारे एक गुरुजी आमच्या दारात आले होते. नाव, वय, शिक्षण झालं. मग त्यांनी विचारलं, "व्यवसाय?"

"आता निवृत्त. आधी पतंग उडवत होते."

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "संक्रांतीला?"

"नाही. सोमवार ते शनिवार. साडेनऊ ते सहा. पीएफ कापून."

गुरुजी 'गृहिणी' असं लिहून शेजारच्या दाराकडे वळले.

त्यांना तरी काय बोलायचं? माझ्या सासूबाईंनी हयातभर आळीत सांगितलं, की सून सुप्याच्या कंपनीत मोठ्या मशीनवर आहे. सून पठारावर उभी राहून दोन हातांनी पतंग ओढते, हे त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. नवऱ्याला मित्र विचारायचे, "वहिनी कुठं असतात?" तो म्हणायचा, "क्वालिटीत." क्वालिटी म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. या शब्दाचा तेवढा फायदा मी आयुष्यभर घेतला आणि तेवढाच तोटाही भोगला. तोट्याचीच गोष्ट सांगणार आहे.

आमची कंपनी म्हणजे सुप्याला पत्र्याची एक शेड. ट्रकच्या ताडपत्र्या, शाळेची दप्तरं, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं, जे म्हणून शिवता येईल ते आम्ही पंधरा-सोळा बायका शिवायचो. एकदा मोठे साहेब, म्हणजे आमचे मालक, कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि येताना जर्मनीच्या एका व्यापारी बाईंची ऑर्डर घेऊन आले. कसरतीचे पतंग शिवायचे.

कसरतीचा पतंग म्हणजे आपला ताव आणि कामट्यांचा पतंग नव्हे. हा नायलॉनचा, पंख पसरलेल्या घारीच्या आकाराचा, आत फायबरच्या काड्या घातलेला. त्याला दोर एक नसतो, दोन असतात, एकेका हातात एकेक. डावा ओढला की डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. मांजा नाही, काटाकाटी नाही, शेजाऱ्याच्या गच्चीवर ओरडणं नाही. नुसत्या आकाशात कोलांट्या मारायच्या. तिकडे समुद्राच्या काठावर मोठी कमावती माणसं सुट्टी काढून हे करतात म्हणे. आमच्या शेडमध्ये हे कळलं तेव्हा मंगल म्हणाली, "त्यांच्या घरी बाया काईच बोलत न्हाईत व्हय?"

मंगल माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. हातात माप असलेली बाई. डोळ्यांनी बघून कापड दोन सूत कमी आहे की जास्त, हे ती सांगायची आणि फूटपट्टी लावल्यावर तेच निघायचं. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी, पण आम्ही एकमेकींना अरेतुरेच करायचो.

पहिले नमुने शिवून झाले आणि मोठे साहेब, मॅनेजर आणि स्टोअरचा माणूस असे तिघे अंगणात ते उडवायला गेले. आम्ही भिंतीच्या सावलीत डबे खात बसलो होतो. पतंग वर जायचा, गर्रकन उजवीकडे फिरायचा आणि धाडकन खाली. पाचव्यांदा तो मॅनेजरच्या मोटरसायकलवर पडला तेव्हा मला हसू आवरलं नाही.

मोठे साहेब वळले. "कोण हसलं? काय झालं हसायला?"

आता नोकरी गेली असं वाटून मी उभी राहिले. "साहेब, त्याची एका बाजूची कण्णी आखूड आहे. किती वेळा उडवला तरी तिकडेच पडणार."

मी नगरच्या गल्लीत वाढले. भाऊ पतंग उडवायचे आणि मी कण्ण्या बांधायचे. मुलीने उडवायचा नसतो, बांधून द्यायला हरकत नसते, अशी आमच्याकडे वाटणी होती. त्या वाटणीवर मला पुढे बढती मिळाली. साहेबांनी पतंग माझ्या हातात दिला, मी गाठ सोडून दोन्ही बाजू सारख्या केल्या, आणि तो सरळ वर गेला. दुसऱ्या दिवसापासून माझं मशीन सुटलं.

कण्णी म्हणजे पतंगाच्या अंगाला बांधलेले ते छोटे दोरे, ज्यांना पुढे मुख्य दोर जोडतात. काही ठिकाणी तिला मंगळसूत्र म्हणतात. आपल्या कागदी पतंगाची कण्णी एकदा बांधली की संपलं. कसरतीच्या पतंगाला मात्र दोन कण्ण्या, एकेका पंखाला एकेक. प्रत्येकीचे तीन दोरे एका गाठीत येतात आणि ती गाठ दोऱ्यावर वरखाली सरकते. सगळी गंमत त्या सरकण्यात. वारा हलका असेल तर गाठ वर, पतंगाच्या नाकाकडे सरकवायची. मग तो थोड्या झुळुकीवरही उचलतो. वारा जोरात असेल तर खाली सरकवायची, म्हणजे तो ओढ धरतो आणि सैरभैर होत नाही. सरकवायचं किती? नखाच्या रुंदीइतकं. त्यापेक्षा जास्त वर गेली की पतंग वर जाऊन झोपाळल्यासारखा तरंगतो, सांगितलेलं ऐकत नाही. जास्त खाली गेली की जमिनीवरून उठायलाच तयार नसतो. आणि डावी-उजवी गाठ सारखी नसेल, तर मॅनेजरच्या मोटरसायकलवर.

कागदावर एवढंच आहे. पण शिवणीत दोरा कुठे जास्त खेचला जातो, कुठे कापड सैल बसतं, म्हणून प्रत्येक पतंग एकदा तरी हवेत घालून, गाठ बसवून, दोऱ्यावर काळ्या पेनाने तीन खुणा करायच्या. वरची हलक्या वाऱ्याची, मधली रोजच्या वाऱ्याची, खालची जोराच्या वाऱ्याची. मग पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर माझी सही. सुप्याच्या वर पवनचक्क्यांचं पठार आहे. टेम्पोत पतंग भरून मी आणि मंगल रोज तिथे जायचो. मंगल पतंग धरून उभी राहायची, मी दोर घेऊन वीस पावलं मागे. ती सोडायची, मी ओढायचे. गुराखी सुरुवातीला गर्दी करायचे. महिन्याभरात त्यांनाही आमचा कंटाळा आला.

वारा मोजायला माझ्याकडे माझा पदर होता. खांद्यावर नीट राहिला तर हलका वारा. उडून तोंडावर यायला लागला तर मधला. खोचून, वर दाताखाली धरावा लागला तर जोराचा. दाताखाली धरूनही आवरेना, की टेम्पोत बसून डबा खायचा. या मापात मी कधी चुकले नाही.

कण्णीला इंग्रजी कागदांत ब्रायडल म्हणत, म्हणजे लगाम. एकदा आमच्याकडे सुट्या कण्ण्यांची खोकी भरून टेम्पो पुण्याला निघाला होता आणि वाटेत गाडी तपासणाऱ्या साहेबांनी तो थांबवला. चलनावर लिहिलेलं, 'ब्रायडल सेट, दोनशे नग.' साहेब म्हणाले, "नवरीचे दोनशे सेट, आणि किंमत एवढीशी? दागिने कुठं आहेत?" ड्रायव्हरने खोकं उघडून दाखवलं, तर आत दोऱ्यांची भेंडोळी. साहेबांचा संशय आणखीच वाढला. शेवटी ड्रायव्हरने मला फोन लावून दिला. मी म्हटलं, "साहेब, ते मंगळसूत्र आहे, पण पतंगाचं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मग गाडी सोडली.

अशी बरी वर्षं गेली. मग मोठे साहेब गुडघ्यांमुळे घरी बसले आणि त्यांचे चिरंजीव आले. आम्ही त्यांना छोटे साहेब म्हणायचो. पुण्याला मॅनेजमेंट शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या बायकांसाठी संडास बांधला, त्याबद्दल मी त्यांना कधीही नावं ठेवणार नाही. बाकीच्या गोष्टींबद्दल ठेवणार आहे.

त्यांनी पहिलं काय केलं, तर दर्जाचं कसलंसं सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं. त्यासाठी पुण्याहून एक तपासनीस आले. गोरेगोमटे, वहीला प्लॅस्टिकचं कव्हर, पायात शेडमध्ये शोभणार नाहीत असे बूट. माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"मॅडम, तुम्ही वाऱ्याचा वेग कोणत्या साधनानं मोजता?"

"पदरानं."

त्यांनी लिहून घेतलं. "साधनाचा नंबर?"

"नंबर नाही. तीन-चार आहेत. धुवायला टाकला की दुसरा."

"त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

कॅलिब्रेशन म्हणजे माप बरोबर आहे की नाही, याची तपासणी. मी म्हटलं, "सुती आहे. पहिल्या धुण्याला आकसला असेल तेवढाच."

मंगल मागे खोकत होती. तपासनीस हसले नाहीत. त्यांनी शेरा मारला, की चाचणीची जागा उघड्यावर असून वाऱ्यावर कंपनीचं नियंत्रण नाही. हे वाक्य छोट्या साहेबांनी मीटिंगमध्ये तीनदा वाचून दाखवलं. वाऱ्यावर कंपनीचं नियंत्रण नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

महिन्याभरात शेडच्या कोपऱ्यात खोली बांधून झाली. दाराला पाटी, 'टेस्टिंग रूम'. आत एका भिंतीत कोंबड्यांच्या शेडला लावतात तसले दोन दांडगे फॅन. समोर हुक. पतंग आखूड दोरांनी हुकाला बांधायचा, बटण दाबायचं, पतंग फॅनपुढे उचलून स्थिर राहिला की गाठीला खूण करायची आणि पुढचा घ्यायचा. पठार बंद, टेम्पो बंद, डिझेल वाचलं. वारा कायम एकसारखा, पावसाळ्यातसुद्धा. भिंतीवर वाऱ्याचा वेग दाखवणारं यंत्र, त्याला कॅलिब्रेशनचं पिवळं स्टिकर.

आणि मला बढती. तोवर मी कागदोपत्री शिलाई कामगारच होते. आता 'टेस्टिंग इन्चार्ज'. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, बसायला फिरती खुर्ची, आणि मीटिंगला छोट्या साहेबांच्या डावीकडची जागा. नवऱ्याला आता क्वालिटी असं मोघम सांगायची गरज राहिली नाही. तो सगळं नीट सांगायला लागला.

पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, की हा वारा खोटा आहे. फॅनचा वारा सरळ येत नाही. पात्याबरोबर पिळा घालत येतो. दोरी वळताना जसा पीळ पडतो तसा. त्यामुळे फॅनपुढे प्रत्येक पतंग उजवीकडे कलायचा. तो सरळ दिसावा म्हणून डाव्या कण्णीची गाठ थोडी खाली घ्यावी लागायची. शिवाय दोर आखूड आणि वारा अंगावर येणारा, म्हणून पतंग उसळ्या मारायचा. ते थांबवायला दोन्ही गाठी आणखी खाली. खोलीत पतंग देवासारखा शांत उभा राहायचा. यंत्रावर आकडा बरोबर. स्टिकर पिवळं.

मंगलने तिसऱ्या दिवशी एक पतंग टेबलावर आडवा टाकला आणि दोन्ही कण्ण्यांना फूटपट्टी लावली. "सुले, दोनी बाजू सारख्या न्हाईत. हे बघ. दान्याभराचा फरक हाय."

"माहीत आहे. फॅनपुढं तसंच करावं लागतं."

"फॅनपुढं कोन उडवनार हाय? बाहेर हे सगळे डावीकडं जाऊन पडत्याल."

मी छोट्या साहेबांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि फार समजुतीने बोलले. "ताई, तुमचा अनुभव मोठा आहे. पण अनुभव म्हणजे अंदाज. आणि हा डेटा आहे. उद्या तुम्ही रिटायर झालात, तर कंपनीनं काय तुमचा पदर ठेवून घ्यायचा?"

मीही हसले. हसायला नको होतं.

परत आले तेव्हा मंगल चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवून उभी होती. "काय म्हनाले?"

"चालू द्या म्हणाले."

"मग त्यांनाच करू दे की सही. तू करू नको."

"इन्चार्ज मी आहे, मंगल. सही मलाच करावी लागणार."

तिने गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मी साडेतीनशे चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. नवीन पदाला शोभेल अशी, खाली रेघ मारलेली, सराव केलेली सही.

माल गेला. दोन महिन्यांनी तिकडून पत्र आलं. पतंग उठत नाहीत, आणि उठले तर डावीकडे फिरून जमिनीवर आपटतात. एक नाही, दोन नाही, सगळे. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं म्हणे, की हे पतंग खास एकाच बाजूला उडायला बनवलेत का? माल परत पाठवला आणि पुढची ऑर्डर थांबवली. जर्मनबाई स्वतः येऊन बघणार होत्या. त्यांचं नाव आम्हाला उच्चारता येत नव्हतं, म्हणून जर्मनबाईच.

काम थांबलं तशी तीन बायकांना कमी केलं. त्यात मंगल होती. कारण लिहिलं, 'कामात दोष.' कण्णीला हात तिचा लागलेला होता ना! तो हात माझ्या सांगण्यावरून लागला होता, हे ऑफिसला माहीत होतं. मला कमी करता येत नव्हतं, कारण परत आलेले साडेतीनशे पतंग पुन्हा लावायचे तर माझ्याशिवाय कोण लावणार? मंगल जाताना डबा पिशवीत घालत होती आणि मी समोर फिरत्या खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "बघू, साहेबांशी बोलते." तिने पिशवीची चेन लावली. "बोल की," म्हणाली आणि गेली. मी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू करत आठवडा गेला आणि मग जर्मनबाईच आल्या.

उंच, पिकल्या केसांच्या, पायात गुराख्यासारख्या जाड वहाणा. चहा पुढे केला तर म्हणाल्या, आधी पतंग. छोट्या साहेबांनी त्यांना पठारावर नेलं, स्वतः गाडी चालवत. मी मागे टेम्पोतून. साहेबांनी परत आलेल्या मालातलाच एक पतंग काढला, कारण त्यांची खात्री होती की दोष पतंगात नाही, उडवणाऱ्यांत आहे.

मी म्हटलं, "साहेब, कण्णी लावून देऊ का? मिनिटाचं काम आहे."

"राहू द्या. जसा पाठवला तसाच दाखवायचा आहे."

सकाळचा वारा, पदर खांद्यावर राहील इतका. साहेबांनी दोर हातात घेतले आणि ओढले. पतंग बसून राहिला. साहेब मागे मागे पळायला लागले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, मागे बघायला फुरसत नाही. पतंग जमिनीवरून फरफटत, अडेल शेरडासारखा, त्यांच्यामागे. तेवढ्यात एक झुळूक जोरात आली, पतंग उठला, साहेब "येस!" म्हणाले, आणि पतंग डावीकडे एक गोल फिरून गाडीच्या पुढच्या काचेवर नाकावर पडला. साहेब त्याच दमात मागच्या बोरीच्या झुडपात बसले.

काटे काढता काढता ते जर्मनबाईंना इंग्रजीत सांगत होते, की आजचा वारा स्टँडर्ड नाही. तेवढं मला कळलं. स्टँडर्ड हा शब्द मी मीटिंगमध्ये फार ऐकला होता.

मी पतंग उचलला. दोन्ही गाठी सोडल्या, टेम्पोतल्या फूटपट्टीने डावी-उजवी सारखी केली, नखभर वर घेतल्या आणि दोर घेऊन वीस पावलं मागे गेले. पतंग उठला आणि पवनचक्क्यांच्या दिशेने सरळ वर गेला. मी त्याला दोन कोलांट्या मारायला लावल्या, जमिनीपासून हातभर उंचीवरून आडवा नेला आणि अलगद उतरवला. हे थोडं जास्तच झालं, पण साहेब अजून काटे काढत होते, त्यामुळे वेळ होता.

जर्मनबाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, ही सही कोणाची?

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मला म्हणाले, "ताई, त्यांना काय ते सांगा. मी ट्रान्सलेट करतो."

मी म्हणाले, "सही माझी आहे. पण ती मी खोलीतल्या फॅनच्या वाऱ्यावर केली. तो वारा पिळा घालून येतो. मला तेव्हाच माहीत होतं आणि तरी मी केली. ज्या बाईनं करू नको म्हणून सांगितलं, तिला कामावरून काढलंय."

साहेबांनी बाईंकडे वळून भाषांतर केलं. भाषांतर फारच आटोपशीर होतं. "शी इज सॉरी."

माझं इंग्रजी दहावीचं आहे, पण सॉरी मला येतं. मी बाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. "नो सॉरी. फॅन." बोट गोल गोल फिरवून दाखवलं. "फॅन. राऊंड राऊंड. काइट लेफ्ट."

बाईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शो मी."

शेडमध्ये येऊन मी फॅन लावला. बाईंनी पर्समधून एक लोकरीचा धागा काढला आणि वाऱ्यात धरला. धागा सरळ उडायच्या ऐवजी गोल गोल फिरायला लागला. बाई तो बघत राहिल्या आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या, की मशीनवरच्या बायका उठून दारात आल्या. साहेबही हसले. ते कशाला हसले, मला आजही माहीत नाही.

ऑर्डर परत मिळाली. अट एकच. प्रत्येक पतंग उघड्या वाऱ्यावर तपासायचा. पुढच्या मीटिंगमध्ये छोट्या साहेबांनी कंपनीचं नवं धोरण जाहीर केलं, 'ओपन एअर टेस्टिंग', आणि ते आपल्याला कसं सुचलं हेही सांगितलं. टाळ्या झाल्या. टेस्टिंग रूममध्ये मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले. माझ्या फायलीत मात्र निष्काळजीपणाचा मेमो लागला. परक्या माणसांसमोर बोलल्याचा मेमो देता येत नाही, म्हणून सह्यांचा दिला. तो चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही.

काम सुरू झालं तशी कमी केलेल्या तिघींना परत बोलवायचं ठरलं. ऑफिसने फोन केले. मंगलने घेतला नाही. म्हणून मी रविवारी एसटीने तिच्या वाडीला गेले. काय बोलायचं ते वाटेत मनाशी ठरवलं होतं. मी घाबरले होते, असं सांगायचं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, मुलीचं कॉलेज होतं, घरात एकटीचा पगार पक्का. हे सगळं खरंही होतं.

मंगल ओट्यावर मशीन घेऊन बसली होती. गावातल्या बायकांची पोलकी शिवत होती. मला बघून उठली, चहा टाकला, दोन कप घेऊन आली.

"ऑफिसनं बोलावलंय," मी म्हणाले. "पठार परत सुरू झालंय. खोली बंद."

"ऐकलं. सायेब बोरीत बसले म्हनं."

आम्ही दोघी हसलो. मग तिने मशीनला सुई लावता लावता विचारलं, "सुले, एक सांग. तुला ठावं व्हतं, मी फूटपट्टी लावून दाखवलं व्हतं. मग सही का केली?"

ठरवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण मंगलपुढे माप चुकवता येत नाही. मी म्हणाले, "मला इन्चार्ज म्हणत होते ना गं. ते आवडलं होतं मला."

मंगलने मशीनचं चाक हाताने धरलं.

"मला वाटलं, तू भ्यालीस," ती म्हणाली. "घरातबी मी हेच सांगत व्हते, सुली भ्याली म्हनून. भ्याली असतीस तर मी आले असते."

तिने चाक सोडलं आणि पोलक्याची बाही सुईखाली घेतली. मी चहा संपवला, कप मोरीत नेऊन विसळला आणि दुपारच्या एसटीने परत निघाले. बाकीच्या दोघी सोमवारी कामावर आल्या.